३९० किलोमीटर, दीडशे कोटी: मॅक्लारेन एफ१ क्रमांक ०२९

चौथागिअर

पावसाळ्यात बाइकची चेन कशी जपावी या धाग्यावर जुन्या गाड्यांच्या लिलावाचा विषय निघाला आणि चेन राहिली बाजूला. धागाकर्तीने हात जोडल्यावर हा वेगळा धागा काढतोय.

ऑगस्ट २०२१, कॅलिफोर्नियातलं पेबल बीच, गुडिंग अँड कंपनीचा लिलाव. गाडी १९९५ ची मॅक्लारेन एफ१, चासी (सांगाडा) क्रमांक ०२९. कॅटलॉगमध्ये अंदाज दिला होता दीड कोटी डॉलरच्या वर. प्रत्यक्षात खरेदीदाराने मोजले २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलर. तेव्हाच्या दराने दीडशे कोटी रुपयांच्या वर. त्या आठवड्यात मॉन्टेरेच्या परिसरात झालेल्या सगळ्या लिलावांतली ही सर्वांत महाग गाडी, आणि तोवर जाहीर लिलावात गेलेली सर्वांत महाग मॅक्लारेन.

रनिंग किती? २४२ मैल. म्हणजे ३९० किलोमीटरच्या आत. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेने दोनदा जाऊन-येऊन केलं तर जेवढं होईल तेवढंच, आणि तेही २६ वर्षांत.

ज्यांना एफ१ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८८ च्या फॉर्म्युला वन मोसमात मॅक्लारेन संघाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. हुकलेली एकमेव शर्यत इटलीतली. ती हरून मंडळी मिलानच्या लिनाते विमानतळावर रखडलेल्या विमानाची वाट बघत बसली होती: रॉन डेनिस, मन्सूर ओज्जे, क्रायटन ब्राउन आणि डिझायनर गॉर्डन मरी. त्या गप्पांमध्ये ठरलं की रस्त्यावर चालवायची गाडी करायची, आणि करायची तर अशी की पुन्हा कोणी विचारायला नको. मरी मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनचा. वजनाच्या बाबतीत महाकंजूष माणूस. चालकाची सीट बरोबर मध्यभागी, दोन्ही बाजूंना किंचित मागे एकेक प्रवासी. सांगाडा अख्खा कार्बन फायबरचा. रस्त्यावरच्या गाडीत तो पहिल्यांदाच आला. इंजिन आधी होंडाकडे मागितलं होतं, त्यांनी नाही म्हटल्यावर बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशेने ६.१ लिटरचं व्ही१२ (बारा सिलिंडरचं) बनवून दिलं, ६२७ अश्वशक्तीचं. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, ब्रेकला सर्वोसुद्धा नाही. इंजिनाच्या खणाला आतून सोन्याचा पत्रा लावलेला, कारण उष्णता परतवायला सोन्यासारखं दुसरं काही नाही. साधारण १६ ग्रॅम, म्हणजे दीड तोळा. (आमच्या हिचा यावरचा अभिप्राय इथे देत नाही.)

एकूण १०६ गाड्या झाल्या. त्यात शर्यतीच्या, प्रोटोटाइप वगैरे वजा जाता साध्या रोड कार फक्त ६४. मार्च १९९८ मध्ये अँडी वॉलेसने जर्मनीतल्या एरा-लेसिएनच्या ट्रॅकवर एका एफ१ ला ताशी ३८६ किलोमीटरवर नेलं होतं, टर्बो नसताना.

आणि हे बघा: ०२९ ज्या वर्षी तयार झाली त्याच १९९५ मध्ये एफ१ च्या शर्यती आवृत्तीने ल मान्सची २४ तासांची शर्यत पहिल्याच प्रयत्नात जिंकली. दालमास, लेहटो आणि सेकिया असे तिघे चालक होते. त्या बहिणीने एका दिवसात चार हजारांवर किलोमीटर कापले, आणि ही बया पाव शतकात चारशेसुद्धा नाही.

मला विचाराल तर ही गाडी लिलावात गेली तेव्हा विकलं गेलं ते इंजिन नव्हे. काय ते धाग्यात बोलूच. आधी तुम्ही बोला.

---

रिकामटेकडा

पयला! (सवय जात नाही.)

लेख झकास, पण माझा मूळ आक्षेप नोंदवून घ्या. ६२७ घोडे तबेल्यात बांधून ठेवायचे आणि वर्षातून एकदा पाहुण्यांना दाखवायचे, याला जपणं म्हणतात? ही तर कैद झाली.

---

ओवी_के

चौथागिअर, छान लिहिलंय, वाचनखूण साठवली आहे. गाड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, तरी एक बाळबोध प्रश्न: किंमत अशी विचित्र का? २ कोटी ४ लाख ६५ हजार? बोली लावताना कोणी असा ५ हजारांचा शेपटा लावतं का?

---

चौथागिअर

@ओवी_के, बाळबोध कसला, अगदी नेमका प्रश्न आहे.

शेपटी लिलावघराच्या अधिभाराची आहे. हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली थांबली, ती १ कोटी ८६ लाख डॉलरवर. त्यावर खरेदीदाराकडून बायर्स प्रीमियम घेतात: पहिल्या अडीच लाखांवर १२ टक्के आणि त्यापुढच्या रकमेवर १०. अडीच लाखांचे १२ टक्के म्हणजे ३० हजार. उरलेल्या १ कोटी ८३ लाख ५० हजारांचे १० टक्के म्हणजे १८ लाख ३५ हजार. दोन्ही मिळून १८ लाख ६५ हजार. हातोड्याच्या किमतीत मिळवा, आकडा जुळतो.

म्हणजे नुसत्या अधिभारात आपल्याकडे तेरा-चौदा कोटी रुपये झाले. विकणाऱ्याकडून कमिशन वेगळं, ते दोघांत ठरतं. म्हणून बातमीत किंमत वाचताना ती हातोड्याची की अधिभारासकटची हे बघायचं. अर्धे वाद तिथेच मिटतात.

दुसरं, बऱ्याच गाड्यांना 'रिझर्व्ह' असतो, म्हणजे मालकाने लिलावघराला गुपचूप सांगून ठेवलेली किमान किंमत. बोली त्याखाली थांबली तर गाडी मालकाकडे परत. अशी परत गेलेली गाडी पुढची दोन-तीन वर्षं बाजारात नासलेली समजतात, म्हणून मोठे मालक लिलावाला उतरवण्याआधी दहादा विचार करतात.

---

बे_एरियावासी

मी तिथे होतो. नाही, बोली लावायला नाही हो!

मॉन्टेरे कार वीक (जुन्या गाड्यांची दरवर्षीची जत्राच) २०२० मध्ये कोविडमुळे झाला नव्हता, त्यामुळे २०२१ ला माणसं अक्षरशः उपाशी असल्यासारखी आली होती. लिलावाआधी तंबूत गाड्या मांडून ठेवतात, कॅटलॉग घेतला की आत जाऊन बघता येतं. ही बाकी चकाचक लाल-पिवळ्या गाड्यांमध्ये उभी होती आणि पहिल्या नजरेत कोणाचं लक्षही जाऊ नये असा रंग. धातूची झाक असलेला तपकिरी. कॅटलॉगमध्ये त्या रंगाचं नावच 'क्रायटन ब्राउन' होतं, वर चौथागिअर यांनी लिहिलंय त्या विमानतळावरच्या मंडळींपैकी एक. या रंगाची दुसरी एफ१ नाही. आत फिकट आणि गडद तपकिरी चामडं.

मला खिळवून ठेवलं ते गाडीने नाही, तिच्या शेजारच्या सामानाने. फाकोम कंपनीची हत्यारांची पेटी जशीच्या तशी. मागच्या चाकांपुढच्या कप्प्यांत बसतील अशा मापाच्या बॅगा. टॅग हॉयरचं मनगटी घड्याळ. आणि टायर? गुडइयर ईगल एफ१, कारखान्यातून आलेले, तेच. एक आजोबा गुडघ्यावर बसून टॉर्चने टायरवरचा तारखेचा कोड वाचत होते. त्यांना इंजिन वगैरे बघायचंच नव्हतं.

अवांतर: रविवारी पेबल बीचच्या हिरवळीवर कॉन्कूर (जुन्या गाड्यांची सौंदर्यस्पर्धा) असतो, त्यात 'प्रिझर्वेशन' असा वेगळा वर्ग आहे. तिथे रंग उडालेल्या, सीट फाटलेल्या गाड्या दिमाखात उभ्या असतात आणि परीक्षक फाटलेल्या सीटला मान देतात. नवा रंग मारून आणलीत तर त्या वर्गात जागा नाही. आपल्याकडच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

---

नट_बोल्ट

टायरच्या कोडचं सांगतो, कारण हे इथे कोणाच्याही कामाला येईल. टायरच्या बाजूला एक लंबगोल असतो, त्यात चार आकडे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पण २००० च्या आधी तीनच आकडे असायचे: आठवड्याचे दोन आणि वर्षाचा एक. त्यामुळे तीन आकड्यांचा टायर दिसला की तो गेल्या शतकातला, बाकी काही बघायची गरज नाही. ते आजोबा तेच तपासत असणार. मूळ टायर आहेत म्हणजे गाडी चालवली नाही याचा पुरावा मीटरच्या बाहेर मिळाला. मीटर खोटं बोलू शकतं.

पण आता दुसरी बाजू. ते टायर पुरावा म्हणून सोन्याचे आणि टायर म्हणून शून्य. रबर पडून पडून कडक होतं. पंचवीस वर्षांच्या टायरवर ही गाडी तिसऱ्या गिअरमध्ये दाबली तर थेट शेजारच्या शेतात. म्हणजे चालवायची असेल तर मूळ टायर काढून गुंडाळून ठेवायचे आणि दुसरे घालायचे. बरेच जण करतातही तसं.

आणि 'उभी होती म्हणजे नव्यासारखी' हा गैरसमज तर काढूनच टाका. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त कटकटीची. ऑइल सील सुकतात, ब्रेकचं तेल पाणी शोषतं, क्लच चिकटतो, पेट्रोलची साय धरते. एफ१ मध्ये तर पेट्रोलची टाकी पत्र्याची नाहीच, शर्यतीच्या गाडीसारखी रबरी पिशवी आहे चालकाच्या मागे. ती दर पाच वर्षांनी बदलायची, गाडी चालवा वा न चालवा. आणि त्यासाठी अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. रिकामटेकडा ज्याला कैद म्हणतायत त्या कैद्याचा जेवणखर्च फार आहे.

हसायचं असेल तर: या गाडीच्या संगणकाशी बोलायला मॅक्लारेनवाले कित्येक वर्षं १९९० च्या दशकातले कॉम्पॅक एलटीई ५२८० लॅपटॉप वापरत होते. त्यातलं एक खास कार्ड नव्या लॅपटॉपवर चालेना. त्यामुळे सुपरकारच्या कारखान्यात लोक जुनाट लॅपटॉपचे सुटे भाग शोधत फिरतायत, असं चित्र.

---

कोल्हापुरी_ठसका

नट_बोल्टराव, दंडवत घ्या. अशा प्रतिसादांसाठीच तर इथं पडीक असतो आपण.

---

रिकामटेकडा

जेवणखर्च मान्य. पण मग माझा हुकमाचा एक्का: मिस्टर बीन.

रोवन ॲटकिन्सनने १९९७ मध्ये एफ१ घेतली, ५ लाख ४० हजार पौंडांना. आणि चालवली. रोजच्या कामाला, मुलांना शाळेत सोडायला, सगळीकडे. तब्बल ४१ हजार मैल. दोनदा ठोकली. दुसऱ्या वेळी, २०११ मध्ये, झाडाला आणि खांबाला अशी धडकली की तुकडे झाले, खांदा मोडला गड्याचा. मॅक्लारेनने वर्षभराहून जास्त खपून दुरुस्त केली. विमा कंपनीला बिल ९ लाख १० हजार पौंड. म्हणजे दुरुस्ती मूळ किमतीपेक्षा महाग! पुन्हा चालवली, आणि २०१५ मध्ये विकली. बातम्यांप्रमाणे ८० लाख पौंडांना.

त्याने गाडीही उपभोगली आणि पैसेही केले. ०२९ च्या मालकांनी काय केलं? पुसली.

रच्याकने, इलॉन मस्ककडेही एक होती. २००० मध्ये पीटर थीलला शेजारी बसवून 'बघ काय करते ही' दाखवायला गेला आणि उडवली. विमा काढला नव्हता. आपल्या गल्लीतली पोरं आणि हे, फरक फक्त गाडीचा.

---

हिशोबनीस

आले का आकडे? मग मी येणारच.

रिकामटेकडांचा एक्का त्यांना वाटतो त्याहून मोठा आहे. त्याच वर्षी, म्हणजे ऑगस्ट २०१५ मध्ये, मॉन्टेरेला आरएम सदबीजच्या लिलावात चासी ०७३ गेली १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला. ती एलएम (ल मान्स विजयानंतर काढलेल्या जास्त ताकदीच्या) प्रकारात बदललेली, खणखणीत गाडी. ॲटकिन्सनचे ८० लाख पौंड म्हणजे तेव्हाच्या दराने १ कोटी २० लाख डॉलरच्या आसपास. दोनदा ठोकलेली, ४१ हजार मैल पळालेली गाडी आणि ही खणखणीत गाडी, यांत फरक उरतो साधारण १५ लाख डॉलरचा. टक्क्यांत दहा-बारा.

आपल्याकडे 'ठोकलेली आहे' एवढं कळलं तर सेकंडहँड वॅगनआरला याहून जास्त कात्री लागते.

आता पुढचं. ऑगस्ट २०१९, पुन्हा मॉन्टेरे, चासी ०१८: १ कोटी ९८ लाख ५ हजार डॉलर. रनिंग सुमारे साडेएकवीस हजार किलोमीटर. ही मूळ अवस्थेतली तर नाहीच. नंतर कारखान्यात परत नेऊन एलएम दर्जाचं इंजिन आणि जास्त डाउनफोर्सचं (गाडी रस्त्याला दाबून धरणारं) बॉडीकिट बसवलेलं, रंगही बदललेला. दोन वर्षांनी आपली ३९० किलोमीटरवाली ०२९ गेली २ कोटी ४ लाख ६५ हजारांना. फरक ६ लाख ६० हजार. तीन टक्क्यांच्या जेमतेम वर.

मग 'न चालवल्याचा' भाव नक्की किती? चौथागिअर, तुमच्या शीर्षकातल्या ३९० किलोमीटरना मी आव्हान देतोय.

गुंतवणूक म्हणून: मूळ किंमत कर सोडून ५ लाख ४० हजार पौंड, १९९५ च्या दराने ८.५ लाख डॉलर धरा. २६ वर्षांत २४ पट. चक्रवाढीने वर्षाला १३ टक्के. त्यातून विमा, वातानुकूलित जागा, नट_बोल्टरावांची रबरी पिशवी वजा करा. वाईट नाही, पण कोणी जादू म्हणून विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

---

ओवी_के

मला आता खरंच गंमत वाटायला लागलीय. म्हणजे ठोकलेली, बदललेली आणि न वापरलेली, तिन्ही जवळपास एकाच भावात? मग 'अस्सल' या शब्दावर एवढे लोक भांडतात कशाला?

---

चौथागिअर

हिशोबनीसांनी माझंच म्हणणं आकड्यांत मांडलंय, आव्हान वगैरे काही नाही.

या तिन्ही गाड्यांत समान काय आहे ते बघा. ॲटकिन्सनची गाडी कोणत्या झाडाला लागली, कोणत्या भागाचं काय झालं, कुठला तुकडा नवा, कुठला जुना, हे सगळं मॅक्लारेनच्या इंग्लंडमधल्या वोकिंगच्या दफ्तरी आहे. दुरुस्ती गल्लीतल्या गॅरेजात झालेली नाही, ज्यांनी जन्माला घातली त्यांनीच केली. ०१८ चं इंजिन बदललं, तेही त्यांनीच, कागदासकट. आणि ०२९ चं तर विचारायलाच नको: पहिला मालक जपानमध्ये, तिथून २०१३ मध्ये अमेरिकेत, आणि मीटर, टायर, हत्यारं, बॅगा, घड्याळ, पुस्तिका सगळे एकच साक्ष देतायत. खरेदीदाराला पुढे एकाही गोष्टीवर 'असेल बुवा' म्हणावं लागत नाही. या दीडशे कोटींत मोठा वाटा या निःशंकपणाचा आहे.

६४ च गाड्या, आणि प्रत्येकीची कुंडली लोकांना पाठ. इथे खोटेपणा करायला वावच नाही. म्हणून ठोकलेलीलाही भाव आहे. तुमच्या वॅगनआरला कात्री लागते ती ठोकली म्हणून नाही. कशी ठोकली, कोणी जोडली हे कोणालाच माहीत नसतं म्हणून.

मी स्वतः एकदा सेकंडहँड सेडान घेता घेता वाचलोय. मीटरवर ३२ हजार, आणि क्लच पेडलचं रबर पार गुळगुळीत. स्टिअरिंगची कातडी चकाकलेली. विक्रेता शपथा घेत होता. शेवटी जुनी सर्व्हिस बिलं निघाली, त्यात दोन वर्षांपूर्वीच ७१ हजार लिहिलेले. जुन्या बाजारात फसवणूक मीटरमध्ये होते आणि पकडली जाते पेडलवर. लिलावातले आजोबा टायरचा कोड वाचत होते तेही हेच.

@रिकामटेकडा, तरी कैदेचा मुद्दा उरतोच, आणि तो मला मान्य आहे. मरीने ही गाडी चालवण्यासाठी केली होती. पण ६४ पैकी एखादी तरी अशी राहावी की कारखान्यातून निघताना शिवण कशी होती, फडक्याने पुसलेला रंग कसा दिसायचा, हे पुढच्या दुरुस्तीवाल्यांना बघता येईल. ०२९ संदर्भग्रंथ आहे. सगळ्या ६४ अशा असत्या तर मीही तुमच्या मोर्चात आलो असतो.

---

बे_एरियावासी

+१. इथल्या संग्राहकांचं पेटंट वाक्य आहे, गाडी अस्सल एकदाच असते. रंग दहा वेळा देता येतो, पहिला रंग एकदाच.

---

सदाशिवपेठी

मंडळी, प्रतिसाद उत्तम, पण 'जपलेली' म्हणजे चकचकीतच असं गृहीत का धरताय? फेब्रुवारी २०१५ चा पॅरिसचा लिलाव विसरलात. लिलावघर आर्तक्युरियाल, जुन्या गाड्यांचं रेट्रोमोबील प्रदर्शन. फ्रान्समधल्या बायों कुटुंबाच्या वाडीवर पत्र्याच्या शेडखाली साठेक गाड्या पन्नास वर्षं पडून होत्या. त्यांतली एक फेरारी २५० जीटी एसडब्ल्यूबी कॅलिफोर्निया स्पायडर, जी एके काळी नट आलँ दलाँकडे होती. गॅरेजात तिच्या अंगावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले! विकली गेली १ कोटी ६३ लाख युरोंना, धुळीसकट. धूळ मुद्दाम पुसली नव्हती.

म्हणजे एकाने काचेत ठेवून जपली आणि एकाने चक्क विसरून. भाव दोघांनाही.

---

नट_बोल्ट

सदाशिवपेठी, मुद्दा खरा, पण त्याच शेडमधल्या कितीतरी गाड्यांचा नुसता सांगाडा उरला होता, त्या विकत घेणाऱ्यांना विचारा विसरून जपण्याचं. फेरारी बंद गॅरेजात होती म्हणून वाचली. उघड्यावरच्या गंजल्या. छप्पर हेच खरं संवर्धन, बाकी नशीब.

---

विदर्भ_एक्स्प्रेस

समजा एखाद्या नागपूरकराला लॉटरी लागली (मी, अजून कोण) आणि ०२९ विकत घेतली. भारतात आणता येईल का?

---

हिशोबनीस

लॉटरी लागल्यावर आधी माझ्याशी संपर्क साधा.

भारतात जुनी गाडी आणायचे दोन दरवाजे आहेत आणि दोन्ही तुम्हाला बंद. पहिला, सेकंडहँड आयात: गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. तुमची १९९५ ची, आणि स्टिअरिंग चक्क मधोमध. कस्टमच्या साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. दुसरा, व्हिंटेज म्हणून: आधी १९५० च्या पूर्वीच्याच गाड्यांना सवलत होती, २०२५ पासून ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी चालते. म्हणजे २०४५ पर्यंत थांबा.

आणि आणलीत तरी मिरवायची कुठे? २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे व्हिंटेज गाडीला 'व्हीए' मालिकेतला वेगळा नंबर मिळतो, नोंदणीला २० हजार रुपये. पण रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. थोडक्यात, वर्षाला पंधरा किलोमीटर. ०२९ च्या सरासरीत मुळीच फरक पडणार नाही.

---

विदर्भ_एक्स्प्रेस

खि खि. २०४५ पर्यंत संत्री विकतो मग.

---

सदाशिवपेठी

आणायची कसली, आपल्याकडच्या किती बाहेर गेल्या ते मोजा. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात लंडनच्या गर्नी नटिंगकडून ड्युसेनबर्ग एसजेवर बॉडी बांधून घेतली होती, केशरी आणि काळी, लांबच लांब, दोनच माणसांसाठी. ती आज अमेरिकेत नावाजलेली गाडी आहे. संस्थानांचे तनखे गेले आणि तबेले रिकामे झाले, असं आमचे आजोबा म्हणायचे. यावर कोणीतरी स्वतंत्र धागा काढा, मी वाचायला येईन, लिहायला नाही.

---

कोल्हापुरी_ठसका

आता जमिनीवर येतो. दीडशे कोटी ऱ्हाऊ द्या. आमच्या काकांची १९९३ ची आरएक्स १०० आहे, एकहाती, मूळ रंग, मूळ सायलेन्सर, टूलकिटसुद्धा. काका आता चालवत न्हाईत. विकायची न्हाई, पण कुजवायचीबी न्हाई. नट_बोल्टराव, काय करायचं नेमकं? रंग मारू का? टाकीला जरा ओरखडे हैत.

---

नट_बोल्ट

रंगाला हातसुद्धा लावू नका! टाकीवर मूळ पट्टे असतील तर ते आता मिळत नाहीत, जे मिळतात ते नकला. ओरखडा राहू दे. मेणाचं पॉलिश हलक्या हाताने, बस.

बाकी असं करा. दोन्ही चाकं जमिनीवरून उचलून ठेवा, म्हणजे टायर एका जागी बसणार नाहीत. कार्ब्युरेटर पूर्ण रिकामा करा, जेटमध्ये पेट्रोल सुकलं की साय बसते. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल घाला आणि किक दोन-तीनदा हळू मारा. बॅटरी काढून आत ठेवा. झाकायला प्लास्टिक नको, सुती चादर. प्लास्टिकखाली कोल्हापूरच्या पावसात घाम धरतो आणि क्रोम आधी जातं.

कागद: मूळ आरसी, जुनी बिलं, विम्याच्या पावत्या, सगळं एका फाइलमध्ये. टूलकिटचा फोटो काढून ठेवा. पंधरा वर्षांपुढची नोंदणी नूतनीकरण केलेली आहे का ते मात्र आधी बघा.

---

कोल्हापुरी_ठसका

लई भारी. पन टाकीचं काय? आमचा मेस्त्री म्हणतो काठोकाठ भरून ठेवा, हवा आत राहिली की गंज धरतो. शेजारचा म्हणतो पूर्ण रिकामी करा. कुणाचं ऐकू?

---

नट_बोल्ट

मेस्त्रींचं जुन्या पेट्रोलसाठी अगदी बरोबर होतं, आम्हीही तेच करायचो. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं. त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जास्त दिवस राहिलं तर ते पाणी खाली बसतं आणि टाकी तळातून गंजते. शिवाय त्या काळच्या रबरी नळ्या आणि वॉशर याला टिकणारे नाहीत. तेव्हा काही महिन्यांसाठी ठेवणार असाल तर पूर्ण रिकामी करा, उन्हात झाकण उघडं ठेवून कोरडी होऊ द्या, मग पाव लिटर टू-टी ऑइल आत घालून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा म्हणजे आतून थर बसेल, आणि उरलेलं काढून टाका. पेट्रोलचा कॉक आणि नळी बदलूनच घ्या. मूळ कॉक फेकू नका, टूलकिटशेजारी पिशवीत ठेवा, त्यावर चिठ्ठी लावून.